थंड इंजिनाचं ट्यूनिंग

आज बेळगावातल्या एका गॅरेजवाल्यानं वडिलांच्या वेळची कार माझ्याकडून जवळजवळ काढूनच घेतली होती.

कार्बोरेटर साफ करून ट्यूनिंग करायला दिली होती. त्यानं गाडी चालू केली आणि थंड इंजिनावरच पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू पिळला. मी म्हटलं, "अण्णा, आधी इंजिन गरम होऊ द्या, नाहीतर तापल्यावर पेट्रोल जास्त जाईल."

"आक्का, गाडी हाय ही, च्या न्हाय," तो हसला. दोन हजार घेतले.

शहराला लागूनच असलेल्या हिंडलग्याला पोचेपर्यंत गाडी काळा धूर सोडत पुन्हा पुन्हा बंद पडली. तशीच परत नेली. त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

"इंजिन संपलंय हिचं. इकून टाका. तीस हजाराला मीच घेतो."

इंजिन आता तापलेलं होतं. बॉनेट उघडून, त्याचाच स्क्रूड्रायव्हर घेऊन मी तो स्क्रू आवाज एकसारखा होईपर्यंत हळूहळू फिरवला. वडिलांनी शिकवलं होतं.

त्यानं कान देऊन ऐकलं. लाज नाही, काही नाही. म्हणाला, "लई झ्याक हाय की ओ. पन्नास देतो."

किळस आली. ज्यांना तो स्क्रू माहीत नाही, अशा किती जणांनी चांगल्या गाड्या त्याला तीस हजारांत दिल्या असतील? तुमच्यापैकी कुणी दिली आहे का?