मधल्या छपराखाली

उत्तरेत फौज मोडल्याची बातमी पुण्यात आली, त्यानंतर थोड्याच दिवसांत मामंजींना मुठेवर लाकडी पूल बांधायचा हुकूम झाला. परतणाऱ्या लोकांना पावसाच्या आत नदी ओलांडता यावी, म्हणून घाई होती. आमचं घर कसब्यात, सुतारांच्या आळीत. मामंजींचे दोन्ही मुलगे, हे आणि धाकटे भाऊजी, तोफांचे गाडे दुरुस्त करायला फौजेबरोबर गेलेले. घरात मी आणि मामंजी.

मला एका जागी बसवत नसे. चुलीशी बसले की दाराशी जावंसं वाटे, दाराशी गेले की पुन्हा आत. दुपारी मामंजींची भाकरी घेऊन नारायण पेठेपलीकडे नदीवर जाई आणि त्यांचं जेवण होईपर्यंत पैलतीराकडे बघत उभी राही.

पूल माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकला. पात्रातल्या खडकात खळगे खोदून सागाचे खांब उभे केले, त्यांवर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या. खिळे फार थोडे. लाकूड खाचेत बसवायचं आणि पाचर ठोकायची. मामंजींना सबंध पुलावर छप्पर हवं होतं.

"लाकूड नुसत्या पाण्यानं मरत नाही. एकदा भिजून, एकदा तापून मरतं," ते सरकारी कारभाऱ्यांना म्हणाले.

"आणि छपराची वाट बघत फौज काठावर मरेल, त्याचं काय?" कारभारी म्हणाले.

शेवटी मधल्या भागावर तेवढी कौलं चढली.

भरलेले गाडे पहिल्यांदा पुलावर घातले, तेव्हा मामंजी धोतर खोचून पुलाखाली पाण्यात जाऊन उभे राहिले. फळ्या कुरकुरल्या. मी काठावर पदराचं टोक चावत होते. गाडे पार झाले. मामंजी वर आले आणि एवढंच म्हणाले, "भाकरी आणलीस का?"

मग माणसं येऊ लागली. अनवाणी, दाढ्या वाढलेली. "दोघे भाऊ, सुतार, कुठं दिसले का?" मी ज्याला त्याला विचारी. कुणी मान हलवी, कुणी न ऐकल्यासारखं पुढे जाई. काही मात्र पूल ओलांडतच नसत. छपराच्या सावलीत बसून राहत. समोर घरं दिसत, पण तिथं जाऊन कुणाला काय सांगायचं, या विचारानं पाय उचलवत नसे.

मामंजी अजून रोज पुलाखाली पाचरा घट्ट करत असत; त्यांच्या भाकरीबरोबर या माणसांसाठी मी जास्तीच्या भाकऱ्या नेऊ लागले. एके दुपारी घोंगडीनं तोंड झाकून बसलेल्या एकानं हात पुढे केला. अंगठ्यावर लाकूड तासायच्या वाकसाचा जुना घाव. माझ्या हातातलं फडकं गळून पडलं.

"अहो..."

त्यांनी घोंगडी काढली नाही. "कालपासून इथंच आहे. बाबा खाली काम करताना दिसले. जाववलं नाही."

"आणि भाऊजी?"

"चंबळेच्या अलीकडे ताप भरला त्याला. पाठीवर घेऊन चालत होतो. मग पाठीवर नुसतं ओझंच उरलं."

मी धावत मामंजींकडे गेले आणि दोन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकल्या. त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग वर येऊन मुलासमोर उकिडवे बसले.

"त्याला मी नेलं," हे म्हणाले.

"दोघांनाही मी धाडलं," मामंजी म्हणाले. "ऊठ आता. घरी चल."

आम्ही तिघं गावाकडे चालू लागलो. मामंजींनी यांचं मनगट घरापर्यंत सोडलं नाही.

भाऊजींचे दिवस घातले. पावसाळाभर हे ओसरीवर बसून असत. कुणी दारात आलं की उठून मागं जात. खंडेनवमीला मामंजींनी हत्यारं पुजायला काढली, तेव्हा हे दगडावर पाणी टाकून वाकस घासायला बसले. मामंजी डोळे पुशीत बाहेर गेले.

माझं चित्त मात्र थाऱ्यावर यायला फार दिवस लागले. वाट बघायची कुणाचीच नव्हती, तरी दुपार झाली की पाय नदीकडे ओढ घेत.