प्रेषकाच्या जागी बाई

संगमनेरात जी लग्नं रुसवेफुगवे न होता पार पडली, त्यांतल्या निम्म्यांचं श्रेय मी आमच्या पत्रिकावाल्या चाचांना देतो. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर सोयरे रुसतात. चाचांच्या छापखान्यातल्या पत्रिकेवर रुसायला जागाच नसे. नवरदेवाचा बाप कितीही घाईत असला, तरी ते त्याला बाकावर बसवून विचारायचे, "थोरले चुलते हायेत ना अजून? मग निमंत्रक ते. तुमी खाली." एकाने हट्ट धरला, तर चाचांनी त्याला चहा पाजला आणि कागद परत दिला. पुढे पत्रिका मोबाईलवर फिरू लागल्या, यंत्रावर चादर पडली आणि साठी उलटलेले चाचा लेकीकडून वेबसाइट करायला शिकले. खाक्या तोच. एका डेअरीच्या साइटवर त्यांनी चेअरमनच्या आधी सर्वांत म्हाताऱ्या गवळ्याचा फोटो लावला होता.

आमच्या शाळेतल्या बाई गाव सोडून कायमच्या मुलाकडे निघाल्या, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांना एकदा गोळा करायचं चाचांनी मनावर घेतलं. सातवीनंतर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलेल्या या माणसाला अक्षरओळख बाईंनीच करून दिली होती. त्यांनी साइट केली आणि तिच्यावरून सगळ्यांना ईमेलने निमंत्रणं धाडली. आठ दिवस झाले, एकाचंही उत्तर नाही. बाई रोज विचारायच्या, "कुणी येतंय का रे?" आणि जन्मात कधी खोटं न छापलेले चाचा म्हणायचे, "येतील की, बाई." त्यांचा चहा समोर गार होत असे.

शेवटी मला माझंच निमंत्रण स्पॅममध्ये सापडलं. प्रेषक म्हणून बाईंचा खासगी ईमेल पत्ता होता. मी वैतागून म्हणालो, "चाचा, हा कशाला टाकलात?"

"मग काय माझा टाकू? बाई हयात असताना?"

फोनवर लेकीने समजावलं, "अब्बा, पत्र निघतं आपल्या साइटवरून आणि पत्ता सांगतं बाईंचा. पलीकडच्याला वाटतं, कुणीतरी तोतया आहे."

बाईंना तोतया म्हटलेलं त्यांना फार लागलं. मी चढवलेल्या आवाजाची मला आजही लाज वाटते. उपाय मात्र साधा होता: प्रेषकाचा पत्ता साइटचा, दिसणारं नाव बाईंचं आणि उत्तर जाईल तेही बाईंकडेच. चाचांनी बराच विचार केला. "म्हंजे पाकीट आपलं, नाव त्यांचं, जबाब बी त्यांच्याच हाती. मग हरकत न्हाई." त्यांनी पहिलं पत्र चाचणीसाठी स्वतःलाच पाठवलं. पडद्यावर बाईंचं नाव उमटलं आणि चाचा खुर्चीतून उठून उभे राहिले.

मग निमंत्रणं पुन्हा गेली आणि माणसं आली. राहात्याहून आली, घोडेगावहून टेम्पो भरून आली. बाईंनी हजेरी घेतली. पन्नाशीचे बाप्ये 'हजर' म्हणताना रडले, मीही रडलो.

बाई मागच्या वर्षी वारल्या. गेलेल्या माणसाचं नाव निमंत्रकात ठेवायचं नाही, हा चाचांचाच नियम. त्यापायी त्यांनी कितीतरी पत्रिका अडवल्या होत्या. साइटवरचं प्रेषकाचं नाव मात्र अजून तेच आहे. "बदलायचं राह्यलंय," म्हणतात. सकाळी मी चाचांच्या दुकानात गेलो, की कधी कधी ते स्वतःलाच एक चाचणीचं पत्र पाठवत असतात. "चालू हाय का बघतो," म्हणतात. नाव उमटतं, चाचा उठून उभे राहतात. मग मीही उभा राहतो.