ट्रॉलीवरून ओरडलेला शब्द

माझा आवाज मोठा आहे. लोक सौजन्याने 'खणखणीत' म्हणतात, पण तो सरळसरळ मोठा आहे. मी सातवीच्या वर्गात हजेरी घेते तेव्हा शेजारच्या पाचवीतली पोरं 'हजर' म्हणतात, असं आमचे शिपाईभाऊ सांगतात. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "तुम्ही माहेरी नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलायच्या का वो?" मला या आवाजाचा अभिमान होता. तो अभिमान एका दुपारी संपला, आणि त्याला कारण झाली कुस्त्यांची दंगल.

माझं सासर शिंदखेड्याजवळच्या गावात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तिथे दंगल भरते. पुरुष आखाड्याभोवती जमिनीवर, बायका लांबच्या गच्च्यांवर. गच्चीवरून पहिलवान मुंगळ्याएवढे दिसतात. मी आबांना, म्हणजे सासऱ्यांना, म्हटलं, "मला जवळून बघायचंय." आबा स्वतः तरुणपणी लाल मातीत लोळलेले. त्यांनी काही चर्चा न करता ट्रॅक्टरची ट्रॉली आखाड्याच्या कडेला लावली आणि तीत सतरंजी टाकली. त्या वर्षी ट्रॉलीत बाईमाणूस मी एकटी. पुढच्या वर्षी सहा जणी चढल्या, त्याचं श्रेय मी घेते.

कुस्ती बघायला जावं तसं ती बघणाऱ्यांनाही बघायला जावं. आमच्या ट्रॉलीखाली बसणारे एक काका स्वतःच कुस्ती खेळायचे. आत पहिलवानाने पट काढला की ह्यांचा हात शेजाऱ्याच्या मांडीखाली. शेजारी दरवर्षी वैतागायचा आणि दरवर्षी तिथेच बसायचा. दोंडाईच्याहून एक टेलर चाचा घडीचं स्टूल घेऊन यायचे, तीन तासांत एकदाच 'वाह' म्हणायचे, आणि ते कोणासाठी म्हणाले याची चर्चा चहाच्या गाडीवर व्हायची. पुढचा कोणी उभा राहिला की मागून "ओ पांढरी टोपी, बसा ना खाली!" आणि नाही बसला तर ढेकूळ. सल्ला तर सगळेच द्यायचे. जन्मात लंगोट न घातलेला किराणा दुकानदार मोठमोठ्या पहिलवानांना ओरडून सांगायचा, "अरे मानेवर दाब दे, मानेवर!" आणि कोणी चितपट झाला की सगळे आखाड्यात धावायचे, पंच काठी घेऊन त्यांना मागे हटवायचे. मी त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडायचे. खोटं कशाला सांगू, फार मजा यायची.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेवटची मोठी कुस्ती होती. एक धरणगावचा पहिलवान, तिशीतला, अंगाने सडपातळ पण चिवट. समोरचा मालेगावकडचा, चांगला थोराड. पहिली पाच मिनिटं अशी रंगली की किराणावालाही गप्प. मग काहीतरी बिनसलं. धरणगाववाल्याच्या हातात समोरच्याचा उजवा हात आयता सापडला. ओढला असता तर कुस्ती संपली असती. त्याने तो सोडून दिला. पुन्हा सापडला, पुन्हा सोडला. नंतर दोघे एकमेकांच्या मानेला धरून नुसते उभे. दहा मिनिटं गेली. ढोलवालेही दमले आणि थांबले.

माझं डोकं सटकलं. उन्हात तीन तास बसून हे बघायचं? ढोल थांबलेला, माणसं चुळबुळ करत होती, आणि त्या शांततेत मी ट्रॉलीत उभी राहून ओरडले, "नुरा आहे ही! नुरा!"

नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली, लोकांना फसवणारी कुस्ती. पहिलवानाला याहून वाईट शिवी नाही. आबांनी माझा पदर खाली ओढला, "गप बस!" पण तोवर शब्द खाली उतरला होता. आधी काका, मग किराणावाला, मग समोरची बाजू. "नुरा! नुरा!" ढेकळं आत पडायला लागली. पंचांनी कुस्ती सोडवली. निकाल नाही, फेटा नाही, नारळ नाही. मालेगाववाल्याला त्याची माणसं टॉवेलात गुंडाळून लगेच जीपकडे घेऊन गेली. धरणगाववाला माइकपाशी गेला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. निवेदकाने माइकवर हात ठेवला आणि मान हलवली. मग तो ट्रॉलीच्या दिशेने बघत उभा राहिला. इतक्या माणसांत त्याला मी दिसले नसणार. आवाज मात्र ऐकला होता.

घरी येताना मी खुशीत होते.  आबा म्हणाले, "त्या मालेगाववालाना खांदा उतरेल व्हता."

"काय?"

"हात लोंबकळत व्हता. मी देखं ना. म्हनीसन याने वढा नही."

म्हणजे समोरच्याचा खांदा निखळला होता, तो हरायला तयार नव्हता, आणि हा माणूस त्याचा हात ओढायला तयार नव्हता. एवढंच चाललं होतं तिथे. मी म्हटलं, "आपण जाऊन सांगू या." आबा म्हणाले, "आते कोनले सांगशी? बठ्ठा गाव घर गया."  त्यानंतर मी दंगलीला गेले, पण ओरडले नाही.

पुढे आमच्या ह्यांची बदली जळगावला झाली आणि मला धरणगावच्या एका शाळेत जागा मिळाली. दोन वर्षांपूर्वी पाचवीत एक मुलगी आली. दंड असे, की पाण्याचा जार एकटीने जिना चढवायची. मी कौतुक केलं तर शिपाईभाऊ म्हणाले, "असणारच ना बाई. नुराची पोर आहे."

"कोणाची?"

"नुराची. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे तो. आधी पहिलवान होता. तुमच्या शिंदखेड्याकडे नुरा खेळताना सापडला म्हणे. कोणा बाईने ओळखलं. तेव्हापासून सगळं गाव नुराच म्हणतं. त्याचं खरं नाव आता रेशनकार्डावरच असेल."

मी हजेरीपट हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझ्या तोंडचा शब्द त्या माणसाचं नाव होऊन बसला होता.

पालक सभेला ते आले. कपाळावरचे केस पांढरे झालेले, बाकी तेच. मला एवढी भीती वाटली की मी चक्क कुजबुजत बोलले. "मुलगी हुशार आहे, गणितात लक्ष द्या." त्यांना दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागलं. माझ्याशी ते अगदी पुस्तकी मराठीत बोलत. दुसऱ्या दिवशी पोरीने माझ्या टेबलावर ज्येष्ठमधाची पुडी ठेवली. "पप्पांनी दिली. म्हणाले, बाई दिवसभर ओरडतात म्हणून घसा बसलाय."

पुढच्या सभेला पुन्हा कुजबुज, पुन्हा पुडी. दोन वर्षं मी त्या माणसाचं ज्येष्ठमध चघळत होते आणि त्याला खरं सांगत नव्हते. कित्येकदा ठरवलं, की आज सांगायचंच. ते समोर येऊन बसले की माझ्या तोंडाला कुलूप. एवढी बोलकी बाई मी, पण पक्की भित्री निघाले.

यंदा ती सातवीत. जत्रेच्या आधी नाचत आली, "बाई, तुमच्या गावच्या दंगलीत माझी जोड लागली! चाळीसगावच्या मुलीशी!" मग जरा हळू, "पप्पा नको म्हणत होते. त्या आखाड्यात पाय ठेवणार नाही म्हणत होते. मीच हट्ट केला. तुम्ही याल ना?"

गेले. आबा आता काठी घेऊन चालतात, पण ट्रॉली जागेवर होती. बायका एवढ्या, की मलाच बसायला जागा नव्हती. काका थकलेत, शेजाऱ्याला नुसती कोपरं मारतात. टेलर चाचा स्टुलावर होते. पोरीचे वडील आखाड्याच्या कडेला, मान खाली घालून, तिच्या पायाला माती चोळत होते. निवेदक तेच जुने. मुलींची जोड आत आली आणि त्यांनी ओळख करून दिली, "ही चाळीसगावची वाघीण! आणि ही आली धरणगावची, आपल्या नुराची पोर!"

लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, जुनी गंमत आठवल्यासारखं होतं. तिच्या वडिलांनी मान वर केली नाही. पोरगी मात्र थांबली. आखाड्याच्या मधोमध हात खाली सोडून बापाकडे बघत राहिली.

मी उभी राहिले. ओरडले तर ते मला ओळखणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. बारा वर्षांत तो आवाज विसरला असेल असा माणूस तो नव्हता. पण डोकं सटकलंच होतं, या वेळी स्वतःवर.

"ओ माइकवाले! नाव नीट घ्या!"

आणि मी रोज हजेरीत घेते तसं तिचं पूर्ण नाव घेतलं. आधी तिचं, मग तिच्या वडिलांचं, मग आडनाव. मधलं नाव मी सगळा दम लावून म्हटलं. इथे लिहीत नाही, पण त्या दिवशी ते नाल्यापलीकडच्या गुरांनीही ऐकलं असेल.

पोरीला सवयच. तिने आखाड्यातूनच हात वर केला, "हजर, बाई!"

मग जे हसू झालं ते निराळं होतं. टाळ्या पडल्या. निवेदकाने जीभ चावली, "चुकलं, बाई, चुकलं," आणि ते पूर्ण नाव भोंग्यावरून म्हटलं. ऐकू आलं नाही असं मागून कोणी ओरडलं म्हणून पुन्हा म्हटलं. ज्या माइकवर त्यांनी हात ठेवला होता त्याच माइकवरून. पोरीचे वडील माती झटकत हळूहळू उभे राहिले.

कुस्ती ती हरली. सहा मिनिटं झुंजली, मग चाळीसगावच्या पोरीने तिला सफाईने चीत केलं. टेलर चाचा 'वाह' म्हणाले, आणि ते कोणासाठी यावर अजून वाद चालू आहे. पोरगी रडली, मग भेळ खायला गेली.

तिचे वडील ट्रॉलीपाशी आले. मी खाली उतरले.  ते माझ्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच माझ्याशी घरच्या बोलीत बोलले.

"बाई, घसा बरा व्हयना वाटस."

घसा बरा झालेला दिसतो, म्हणजे आवाज ओळखला होता. मी मान हलवली.  त्यांनी आखाड्याकडे पाहिलं, तिथे आता पुढची जोड हात मिळवत होती.

"ती नुरा नही व्हती, बाई."

"माहीत आहे," मी म्हणाले. "त्याच संध्याकाळी कळलं होतं. तुम्ही त्याचा खांदा वाचवलात, आणि मी तुमचं नाव घालवलं."

हे मी कुजबुजत म्हणाले नाही. ट्रॉलीतल्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं, काकांनी पाहिलं, किराणावाल्याने पाहिलं. पाहू दे म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना.