अक्काची सायकल फ्लेक्सवर परत लावा

आज, सोमवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नेकनूरच्या चौकात माझ्या दिवंगत जावेची सायकल चोरीला गेली.

चोर घरचाच आहे. तिचा मुलगा, माझा पुतण्या दत्ता. गावासाठी दत्ताभाऊ.

येत्या गुरुवारी अक्काला जाऊन वर्ष होईल. म्हणून आज प्रथम पुण्यस्मरणाचा फ्लेक्स लागला. त्यासाठी दत्ताने फोटो माझ्याकडूनच मागून नेला होता. त्यात अक्का तिच्या फॅट बाइकवर, म्हणजे जाड टायरच्या सायकलवर, बसली आहे, डोक्यावर हेल्मेट, टायरला चिखल.

फ्लेक्सवर सायकल नाही. तिथे ढग आहेत.

हेल्मेटही नाही. त्या जागी कॉम्प्युटरवर चिकटवलेला हिरवा पदर आहे. दत्ताचा स्वतःचा फोटो आईच्या फोटोएवढा, आणि त्याच्या पक्षाच्या साहेबांचा दोघांपेक्षा मोठा.

मी फोन केला. तो म्हणाला, "काकू, गुरुवारी साहेब येणार हायेत. आई सायकलवर दिसली तर लोक हसतील."

म्हणून हे गावाच्या ग्रुपवर लिहिते आहे.

अक्का माझी थोरली जाऊ. मी बीडला राहणारी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, शाळेतून रिटायर झालेली. ती नेकनूरची, शेतात राबलेली. मला ती "मास्तरीण" म्हणायची, आणि ते कौतुक नसायचं.

थोरले दीर गेल्यावर तिची एकच अडचण होती. शेत गावापासून लांब, आणि गुडघे चालू देत नव्हते.

रोज सकाळी ती ओट्यावर बसायची. कुणी मोटारसायकलवर सोडतंय का, बघत.

स्वतःच्या शेतात जायचं, आणि रोज दुसऱ्याची मर्जी.

एकदा आम्ही दोघी पालीला धरणावर गेलो होतो. तिथे एक मुलगी जाड टायरची सायकल चिखलातून सरळ चालवत होती. अक्का बघतच राहिली.

"ही चाकं ट्रॅक्टरची वाटत्यात," ती म्हणाली. "माझ्या काळ्या रानात ही रुतायची न्हाईत."

पुढच्याच आठवड्यात ती बीडला माझ्या दारात उभी. चल, दुकान दाखव.

दुकानदाराने आधी विचारलं, नातवासाठी का?

"नातू पायी जाईल," अक्का म्हणाली.

त्याने पुढे बास्केट असलेली लेडीज सायकल काढली. अक्काने तिचा टायर दोन बोटांत धरून पाहिला आणि सोडून दिला. तिला फॅट बाइकच हवी होती. ती इतकी जड की आम्हा दोघींना मिळून फिरवावी लागली. सीट वर घ्या, नाहीतर गुडघे दुखतील, असं तो सांगत होता. अक्काचं म्हणणं, पडल्यावर जास्त दुखतील. दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत तिने सीट खाली घ्यायला लावली.

खळ्यावर शिकली. आधी नुसती पायाने ढकलत. मग एक पेडल. मग दोन.

साडी चेनमध्ये जायची, म्हणून जन्मात पहिल्यांदा ड्रेस शिवला. पदर गेला, त्या जागी हेल्मेट आलं. भावकीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, डोईवरचा पदर कुठं गेला?

"डोकं झाकल्याशी मतलब," अक्का म्हणाली. "पदरानं झाका, न्हाईतर टोपीनं."

दत्ता, हे वाक्य परत वाच. तू तिचं झाकलेलं डोकं उघडं करून पुन्हा झाकलं आहेस.

शेतात जायच्या दिवशी तिने टायरमध्ये दगडासारखी टणक हवा भरून घेतली. आपल्याकडे हवा भरायची म्हणजे टायर वाजला पाहिजे. ढेकळांवर सायकल चेंडूसारखी उडाली आणि अक्का तुरीत.

मी मोबाइलवर शोधलं. या टायरांना हवा कमीच लागते. शेतात तर अंगठ्याने दाबला की दबला पाहिजे.

तिला पटेना. "हवा फुकट मिळती. मंग कमी कावून घ्यायची?"

मी खाली बसून हवा सोडली. ती असं बघत होती, जसं मी तूप सांडतेय.

मग बसली, आणि गेली. विहिरीपर्यंत जाऊन परत आली. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं, आणि बराच वेळ शेताकडे बघत बसली.

त्यानंतर ती ओट्यावर वाट बघत कधी बसली नाही.

तो फोटो मी बांधावर काढला. दाखवल्यावर म्हणाली, "ह्यो नीट ठेव. मी गेल्यावर चौकात ह्योच लाव."

मी म्हटलं, दत्ता लावू देईल का?

"त्याला इचारतंय कोण? तू हायस की."

मी हो म्हणाले होते.

आणखी एक. अक्का सायकलवरून पडून गेली, असं पसरवणाऱ्यांसाठी. ती झोपेत गेली. हृदय थांबलं. आदल्या दिवशी शेतात जाऊन आली होती. स्वतःची स्वतः.

दत्ता, लोक हसतील म्हणतोस. ती ओट्यावर बसायची तेव्हा कुणी हसलं नाही. कुणी थांबलंही नाही. तूसुद्धा कितीदा तिच्यासमोरून गाडी काढून गेलास.

अक्का, तुझा खरा फोटो खाली लावला आहे. आज इथे, चौकात अजून नाही. तुला या मास्तरणीचा नमस्कार.

आणि दत्ता, हा फोटो चौकात लागणार की नाही, याचं लेखी उत्तर मला बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत हवं आहे. इथेच, सगळ्यांसमोर. फोन नको. हात जोडलेलं चित्र मी उत्तर धरणार नाही.

उत्तर आलं नाही, तर गुरुवारी साहेबांच्या आधी मी त्या फ्लेक्सखाली उभी असेन. तुझ्या गोठ्यात पडलेली तिची सायकल मी केव्हाच बीडला आणली आहे.

मला ती चालवता येत नाही. हातात धरून आणीन.