पहिला फोन तक्रारीचा नसते

'उमाळे मॅडम गेल्या' एवढं वाचलं का पुढचं तुमाले पाठच असन. त्यांच्या जाण्यानं पोकळी झाली, त्या मायेचा सागर होत्या, सदा हसतमुख... बसा, ते काही येत नाही. आमच्या मॅडम सागर-बिगर नव्हत्या. चिडक्या होत्या. त्या हसल्या तं बाकीचे सर खिडकीतून डोकावून पाहत, का काय झालं बा. अन् मी नकला करणारा पोट्टा, अकोल्यात जाहिरातीच्या रिक्षातून माहाच आवाज फिरते, म्हणून कोणी हसाची तयारी करून बसलं असन तं त्यायलेही सांगून ठेवतो. ज्या दुपारबद्दल मी लिहून राहिलो, त्या दुपारी माह्या तोंडातून आवाजच निघत नव्हता.

दीड महिना झाला. मी बियाण्याच्या जाहिरातीले बसलो होतो. 'शेतकरी बंधूंनो' एवढंच म्हटलं अन् जुन्या पोरायच्या ग्रुपवर मेसेज आला. मॅडम अकोल्यातच होत्या, लेकीकडे, माह्या खोलीपासून दोन चौक दूर... अन् मले पत्ताच नाही. त्या दिवशी बंधूंच्या पुढचं वाक्य काही जमलं नाही.

परतवाड्याले मी त्यायच्या वर्गात आलो तवा नववी सुरू झाली होती. बाबा परतवाडा-अमरावती शेअर जीप चालवत. घरी एक फोन राहे, बाबाच्या खिशात एक. शाळेत नंबर घरचाच होता. शाळेचा फोन आला म्हणजे माय रात्री सांगे अन् दुसऱ्या दिवशी बाबा गाडी उभी ठेवून, ड्रायव्हरच्या खाकी शर्टावर, हेडसरच्या ऑफिसात मान खाली घालून उभे. पाचवीपासून हेच. आठवीत मी प्रार्थनेच्या माईकवर हेडसरच्याच आवाजात 'आज शाळेला सुट्टी आहे' म्हटलं, अन् निम्मे पोरं दप्तरं घेऊन गेटच्या बाहेर. तवा बाबा ऑफिसातून निघाले, चप्पल घातली अन् शांतपणे म्हणाले, "हे आखरीचं. अजून एक तक्रार आली का शाळा बंद. गाडीवर चाल. तिथं बोंबलाचंच काम असते." बाबा वरडले असते तं मी एवढा भेलो नसतो.

म्हणून जुलैत एका दुपारी, माय कामाले गेलेली अन् फोनवर 'शाळा' असं नाव आलं, तवा मी वाजणाऱ्या फोनकडं पाहत बसलो. नाही उचलला तं पुन्हा येईन, अन् पुन्हा आला तं माय उचलन. समोर फुटाण्याची पुडी होती. मूठभर फुटाणे गालात कोंबले, हनुवटी वर केली, अन् बाबाच्या आवाजात म्हटलं, "हूं... बोला जी."

"गजाननचे बाबा का? मी उमाळे, त्याची वर्गशिक्षिका. तोंडात काय आहे?"

"खर्रा आहे जी."

"थुका पहिले."

आता बाबानं जन्मात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला नाही. पण माहा आवाज नुकता फुटून राहिला होता, बारीक निघाला तं तो कशात तरी लपवा लागे. मी ताटलीत निम्मे फुटाणे थुकलो.

"तक्रार नाही काही," मॅडम म्हणाल्या. "मी पहिला फोन तक्रारीचा करतच नाही. तुमच्या गजाननचा कान फार चांगला आहे. मी धडा एकदा वाचला का दुसऱ्या दिवशी तो जशाचा तसा वाचते, अन् मागच्या बाकावरचे पोरंही ऐकतात. माह्या वाचण्यानं ते झोपतात. त्याले शिकू द्या. बस, हेच सांगाचं होतं."

फोन ठेवून मी घरभर नाचलो. मंग एकदम बसलो. सांगू कोणाले? बाबाले सांगाचं म्हणजे पहिले चोरी सांगा लागे.

मागाहून समजलं का हा फोन मॅडम सगळ्यायच्या घरी करत. हजेरीच्या मागच्या पानावर साऱ्या वर्गाची यादी, फोन झाला का नावापुढं टिंब. दुसरे सर चिडवत, "मॅडम, लग्नाचं आमंत्रण देऊन राहिल्या का?" एकदा मी खडू आणाले गेलो तवा त्या सुनावून राहिल्या होत्या, "आपण बोलावलं का हे लोक ठाण्यात आल्यासारखे येतात. मान खाली घातलेल्या माणसासंगं मिळून काय पोरगं घडवान तुमी?" मी खडू घेतला अन् पळालो. कारण आमच्या घरचं टिंब खोटं होतं, ते एकट्या मले माहीत.

त्यायचे अजून दोन फोन आले, दोन्ही मीच खाल्ले. पालकसभेले बाबा येऊन राहिले नाहीत म्हणून त्या म्हणाल्या, "तुमाले गाडीमुळं जमत नाही, मीच येतो कधी." त्यानंतर दर रविवारी मी गल्लीच्या तोंडाशी बसून राहो. माय म्हणे, पोट्टं सुधारलं, घर राखते.

पण त्या घरी आल्याच नाही. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी बाबानं मले 'सवय व्हाले' म्हणून गाडीवर नेलं. मले समजलं, का तक्रार येवो न येवो, माही शाळा सोडवाचं बाबाचं ठरत आलं होतं. मी स्टँडवर अनाउन्समेंटवालीच्या आवाजात पुकारून राहिलो होतो, "अमरावतीकडे जाणारी जीप..." लोकं हसत हसत बसत होते. अन् मांगून कोणी म्हणालं, "गजानन? तू इथं काहून?"

मॅडमची बस हुकली होती. बाईमाणूस म्हणून बाबानं त्यायले समोर बसवलं. मी मधात, गिअरजवळ. गाडी निघाली अन् बाबाले कळलं का ह्या शाळेच्या आहेत, तं स्टिअरिंगवरचे बोटं आवळले. "याचं काही... केलं का यानं?"

"छे. मी सांगतलं ना तुमाले जुलैत."

मी एकदम वरडलो, "वलगाव, वलगाव!" वलगाव अजून तासभर दूर होतं. मागचा एक म्हातारा खरंच उठून उभा राहिला.

बाबानं माह्याकडं पाहिलं, मंग रस्त्याकडं. मॅडम बाबाच्या तोंडाकडं पाहून राहिल्या होत्या. "खर्रा सोडला वाटते तुमी. बरं केलं."

"मी?" बाबा हसलेच. "मॅडम, आमच्या घरात सुपारीचं खांड नाही भेटणार तुमाले."

मॅडमनं मान वळवली अन् माह्याकडं पाहिलं. मी काचेतून समोरच्या कापसाच्या ट्रककडं पाहत राहिलो. मॅडम आता सांगतीन... आता सांगतीन... आसेगाव आलं, पुलावरून गेलो, नाही सांगतलं. खरं वलगाव आलं, तवा पुकारायलेही माह्याजवळ आवाज नव्हता.

अमरावतीले उतरल्यावर मॅडमनं बाबाले विचारलं, "तुमच्या खिशात जो फोन असते, त्याचा नंबर द्या." बाबानं देल्ला. मॅडम रस्ता ओलांडून गेल्या, पलीकडच्या रसवंतीपाशी उभ्या राहिल्या, चष्मा वर केला. अन् इकडं बाबाचा फोन वाजला. त्या समोर येऊन, मांगच्या सवाऱ्यायसमोर बोलू शकल्या असत्या. पण तसं बोलणं बाबानं चार वर्ष ऐकलं होतं. हे त्यायले कसं समजलं, मले अजून नाही समजलं.

मले बाबाचीच बाजू ऐकू येत होती. "हो जी... हो... माहा? आमचाच ना, गजानन?... वाचते?... सगळे ऐकतात?" बाबाचा हात आपोआप टोपीकडं गेला, जशा काही मॅडम समोर उभ्या होत्या. मंग, "जुलैत? नाही जी, मले कुठं..." बाबानं हळूच माह्याकडं मान फिरवली. "खर्रा खाऊन?... बरं. बरं, समजलं जी."

मॅडमनं पलीकडून मान हलवली अन् गर्दीत शिरल्या. बाबानं फोन खिशात ठेवला. मी गाडीले पाठ लावून गाल वाचवून उभा होतो, पण हात उठला नाही.

"मह्या तोंडात खर्रा देल्ला, ते सोडलं," बाबा म्हणाले. आवाज फाटून राहिला होता, अन् तो आवाज मले आजही काढता येत नाही. "चार वर्ष बे, चार वर्ष त्या ऑफिसात उभा राहिलो मी. तुमचं पोट्टं असं, तुमचं पोट्टं तसं. ते फोन बरोबर मह्यापर्यंत येत गेले. अन् जन्मात एक फोन आला का तुमचं पोट्टं चांगलं हाय, तं तो तू खाल्ला? मले काहून नाही देल्ला? मी कोन हाय मंग तुहा?" गाडीत बसलेली एक बाई म्हणाली, ड्रायव्हर भाऊ, निघा ना. बाबानं तिच्याकडं पाहिलंही नाही. "दहावीत नाव टाकतो तुहं. पन याच्यापुढं शाळेचा फोन आला अन् तू हात लावला, तं हात मोडून ठेवीन. तक्रारीचा असो का चांगला असो, मले पाह्यजे तो. बाप मी हाय."