पत्रिकावाले सर

"तुमच्या घरी टाकून काय देतात?"

कोणाचीही नवी ओळख झाली की सरांचा पहिला प्रश्न हा असायचा. नाव-गाव, जमीनजुमला, मुलंबाळं ही चौकशी नंतर. गावात नवा जावई आला आणि सर समोरून आले, तर सासरचे लोक त्याला आधीच सांगून ठेवायचे, "घाबरू नका, सर विचारत्यात तसं. काय बी सांगा." मग तो बिचारा लाजत लाजत सांगायचा, कांद्याची टरफलं, फुटक्या बादल्या, तुटक्या चपला. सर शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढायचे, त्यावर लिहून घ्यायचे आणि खाली जावयाचं नाव टाकायचे. एखाद्या जावयाला तर आपली पोलिसात नोंद झाली असंच वाटलं असेल.

या वेडाला कारण झाला एक इंग्रजी शब्द, गार्बेज. आमच्या सहावीच्या पुस्तकात धड्याखाली शब्दार्थ होते, त्यात "गार्बेज : कचरा" एवढंच लिहिलेलं. दुसऱ्या कोणी ते फळ्यावर लिहून पुढचा शब्द घेतला असता. सर आठवडाभर तिथंच थांबले. प्रत्येकाला उभं करून विचारलं, कचरा म्हणजे काय, तुझ्या घरचा सांग. दुकानदाराची मुलगी म्हणाली, पुठ्ठे आणि नारळाच्या शेंड्या. तेव्हा मागच्या बाकावरून ओरडा झाला, पुठ्ठे कोण टाकतंय, आमी त्याच्यावर झोपतो! सर इतके खूश झाले की त्यांनी खडू खाली ठेवून दिला. म्हणाले, "बघा, अर्थ निम्माच पुस्तकात असतो. उरलेला निम्मा गावात हिंडून आणावा लागतो."

सर घाटाकडच्या अकोले तालुक्यातले, भाताच्या आणि पावसाच्या मुलखातले. नोकरीनं त्यांना आमच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात आणून टाकलं आणि ते इथंच रमले. त्या आठवड्यानंतर ते पुस्तकातला प्रत्येकच इंग्रजी शब्द असा गावभर हिंडवायला लागले. त्यासाठी कागद लागायचा आणि तो जाड लागायचा, कारण तो पोरांच्या हातात राहायचा. सरांनी त्यावर नामी उपाय काढला. लग्नाचा हंगाम संपला की घरोघर साठलेल्या पत्रिका ते मागून आणायचे. हाताच्या पंजाएवढे तुकडे कापायचे, कोऱ्या बाजूला लाल शाईनं शब्द लिहायचे. एका बाजूला गणपती आणि "आमच्या येथे श्रीकृपेकरून", दुसऱ्या बाजूला बकेट, लॅडर, नाहीतर गार्बेज. गावात त्यांचं नाव पत्रिकावाले सर पडलं ते यावरून. कोणी चुकून पत्रिकेनं चूल पेटवली तर घरातली म्हातारी खेकसायची, "आगं, सरांची हाय ती!"

माझं लग्न ठरलं तेव्हा पाया पडायला गेले. आशीर्वाद देऊन झाल्यावर सर हळूच म्हणाले, "मंगल, पत्रिका जरा जाड काढायला सांग बरं का वडिलांना. आणि मागची बाजू कोरी." वडिलांनी मुकाट्यानं तशी काढली.

आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, आमचंही त्यात आलं. आम्ही कोल्हारच्या बाजूला, प्रवरेच्या काठच्या उसात असायचो. जाणाऱ्या प्रत्येक पोराला सर पत्रिकांच्या तुकड्यांची एक जुडी सुतळीनं बांधून द्यायचे. अट एकच. प्रत्येक शब्द तीन माणसांना सांगायचा, त्याचा अर्थ समजावायचा, याला तुमच्यात काय म्हणतात ते विचारायचं आणि ते जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून आणायचं. "वाक्य ऐकलेलं पाहिजे, बनवलेलं नको," हे बजावून सांगायचे. आमची शाळा बुडायची त्याचं सरांना दुःख होतंच, पण त्यांनी ते कधी आमच्यासमोर उगाळलं नाही. जुडी हातात देताना म्हणायचे, "तुम्ही शाळा सोडून चालला नाहीत, शाळेच्या कामाला चाललात."

सहावीच्या त्या वर्षी माझ्या जुडीत गार्बेज आला होता. उसाच्या पाचटाची कोपी आम्ही घालायचो, तिच्या दारात आई भाकरी थापत होती. मी विचारलं, "आई, आपल्यात टाकून काय देत्यात?" ती वर न बघताच म्हणाली, "काय देतोय टाकून? शेंड्याचं वाढं बैलाला, पाचट कोपीला, राख भांड्याला. टाकाया ऱ्हातंयच काय?" मी ते तसंच उतरवलं आणि खाली माझ्या अकलेनं लिहिलं, हा शब्द आमच्या घरी लागत नाही. पाडव्याला गावी आल्यावर सरांना जुडी दिली. तो तुकडा त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि खाली लाल शाईनं लिहिलं, अर्थ पूर्ण झाला. मी पुढं शिकले, डी.एड. झाले, शिक्षिका झाले. ते कशामुळं, असं कोणी विचारलं तर मी त्या तीन शब्दांकडं बोट दाखवेन. दाखवलं असतं, असं म्हणायला हवं.

एकदा शाळा तपासायला एक साहेब आले. त्यांनी कपाटातल्या त्या रंगीबेरंगी जुड्या बघितल्या, एक-दोन तुकडे उलटसुलट केले आणि म्हणाले, "व्हॉट इज धिस? ऑल गार्बेज!" सरांनी शांतपणे खिशातून कोरा तुकडा काढला. "साहेब, हा वापर आमच्याकडे आलेला नव्हता. लिहून घेतो. बोलणाऱ्याचं नाव खाली टाकावं लागतं, आपलं पूर्ण नाव सांगता?" साहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला तो वापर समजावून सांगितला. म्हणाले, "शहरात हा शब्द वस्तूपेक्षा दुसऱ्याच्या कामाला जास्त लावतात. न वाचता लावता येतो ना, म्हणून सोपा पडतो."

सर निवृत्त होऊन नेवाशाला राहायला गेले. पण वीस-बावीस वर्षांचे ते तुकडे युरियाच्या धुतलेल्या गोण्यांमध्ये भरून शाळेतच होते, खिचडीच्या खोलीशेजारच्या अडगळीत. दर गुरुवारी सर एसटीनं यायचे, सतरंजी टाकून बसायचे आणि तुकडे लावायचे. त्यांना त्याचं पुस्तक करायचं होतं. पोरांनी आणलेल्या अर्थांचा शब्दकोश, प्रत्येक अर्थाखाली सांगणाऱ्याचं नाव. "छापायचं नंतर बघू," म्हणायचे, "आधी माणसं तर ओळीनं बसू देत." एव्हाना मी त्याच शाळेत शिक्षिका होते. दुपारच्या सुट्टीत चहा घेऊन गेले की ते एखादा तुकडा वाचून दाखवायचे आणि स्वतःच खुदुखुदु हसायचे. ते एम या अक्षरापर्यंत आले होते. तेवढ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं येणं चार-पाच महिने थांबलं.

त्याच काळात मी प्रभारी मुख्याध्यापिका झाले. आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. शाळांच्या स्वच्छतेची तपासणी लागली. समिती येणार, फोटो निघणार, गुण मिळणार. भिंती रंगवल्या, कुंड्या मांडल्या, सुविचार लिहून काढले. राहिली ती अडगळीची खोली. समितीनं दार उघडलं आणि गोण्यांची थप्पी दिसली तर काय, या विचारानं मला झोप येईना. भंगारवाल्याचा टेम्पो नेमका आदल्या दिवशी गावात ओरडत फिरत होता. मी शिपायाला म्हणाले, "ती खोली रिकामी करा."

"बाई, सरांच्या गोण्या हायेत त्या," तो म्हणाला.

"माहितीये. करा."

गोण्यांत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सगळं ठाऊक होतं. नंतर सरांना समजावून सांगू, ते रागावणारे नाहीत, असा हिशेब मी मनाशी केला होता. चांगल्या माणसाला आपण किती गृहीत धरतो! टेम्पोत गोण्या चढत होत्या तेव्हा मी वऱ्हांड्यात उभी राहून कुंड्यांच्या जागा बदलत होते. त्यातल्या एका गोणीत माझ्या आईचं बोलणं आहे, हे त्या घडीला माझ्या मनातसुद्धा आलं नाही. समिती आली, पंधरा मिनिटं थांबली. त्या खोलीचं दार कोणी उघडलंही नाही.

पुढं महिन्याभरानं एका गुरुवारी सर काठी टेकत आले. खांद्याला पिशवी, पिशवीत नवी सुतळी. खोलीचं दार उघडून आत बघितलं आणि उंबऱ्यातच थांबले. मी धावत गेले. इतके दिवस जे बोलायचं ठरवलं होतं ते सोडून माझ्या तोंडून निघालं, "सर, वाळवी लागली होती. सगळं पोखरलं होतं. जाळावं लागलं."

"सगळ्याच गोण्यांना?"

"हो सर."

ते बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. नवा पिवळा रंग होता, तोंडात बोट घालावं असा स्वच्छ. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "खोली तरी वाचवलीस, बरं केलंस." शाळेत चारचौघांत ते मला बाई म्हणायचे, अहोजाहो करायचे. त्या दिवशी मात्र अगंतुगं केलं, आणि ते मला जास्त लागलं.

परतीच्या एसटीला वेळ होता. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले. सरांना भेळ फार आवडायची, कांदा जास्त आणि वर भाजलेली मिरची. फाट्यावरच्या गाड्यावर दोन भेळी सांगितल्या. गाडेवाल्यानं कागदाचे पुडे भरले आणि आमच्याकडं पद्धत आहे तसा चमच्याऐवजी जाड पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून एकेका पुड्यात खोचला. सरांनी पुडा हातात घेतला आणि तुकडा बाहेर काढला. एका बाजूला हळदी रंगाचा अर्धा गणपती. दुसऱ्या बाजूला लाल शाईत लॅडर, आणि खाली एका पोराचं गिचमिड अक्षर. सरांनी ते मोठ्यानं वाचलं, "शिडी. आमच्या वस्तीवर एकच हाय, ती पाटलाकडनं मागून आनत्यात."

मी माझ्या पुड्याकडं बघायचं टाळलं.

"कुठून मिळतात हो हे?" सरांनी गाडेवाल्याला विचारलं.

"भंगारवाल्याकडनं घेतलं, सर. शाळेची रद्दी हुती म्हनं. जाड हाय, भेळ खाताना वाकत न्हाई. दोन गोण्या घेतल्या हुत्या, आता संपत आल्या. एवढं लिव्हायचं तरी कोनी म्हनावं!"

सरांनी त्याच तुकड्यानं सावकाश सगळी भेळ खाल्ली. मग पिशवीतल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, धोतराच्या सोग्यानं तो टिपला आणि खिशात ठेवला. मी हातात पुडा धरून तशीच उभी होते. मला म्हणाले, "खाऊन घे गं, मऊ पडते." तेवढ्यात एसटी आली. पायरी उंच होती, मी त्यांची पिशवी घेऊन दंड धरला. वर चढून त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि नेहमीसारखा हात हलवला. मी त्या वेळी दोन शब्द बोलू शकले असते. सर, चूक झाली, एवढंच बोलायचं होतं. ड्रायव्हरनं गाडी काढेपर्यंत चांगली दोन मिनिटं मिळाली होती.

राहिलेले तुकडे आणायला दुसऱ्याच दिवशी फाट्यावर जायचं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी केंद्रावर बैठक होती, तिसऱ्या दिवशी परीक्षेचे पेपर आले. चौथ्या दिवशी गेले तर गाडेवाला म्हणाला, "बाई, संपलं की कालच." नेवाशाला जाऊन पाय धरायचेही असेच रविवारवर रविवार ढकलत राहिले. सर त्यानंतर शाळेत आले नाहीत. मीही फोन केला नाही, कारण फोनवर ते नक्की "कशी आहेस" असं विचारतील याची मला भीती वाटायची. दिवाळीच्या तोंडाशी ते गेल्याचा निरोप आला.

शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. जुने विद्यार्थी लांबलांबून आले होते. एकजण आता हार्वेस्टर चालवतो, ऊसतोडीच्या वेळी माझ्याबरोबर जुडी घेऊन जाणारा. तो शेवटच्या दिवसांत सरांना भेटून आला होता. माईक हातात घेऊन तो रडतच बोलला. "मी विचारलं, सर, आपल्या पत्रिकांचं पुस्तक कवा निघनार? तर सर म्हनले, आरं वाळवीनं खाल्लं सगळं. आपल्या मंगलनं लई धडपड केली वाचवायची, एकटी पोरगी काय काय करनार? तिला कोनी बोलू नका."

सगळं पटांगण माझ्याकडं वळून बघायला लागलं. शिपाई मागच्या भिंतीशी उभा होता, तो खाली बघत राहिला. त्याच्यानंतर बोलायची पाळी माझीच होती. मी उठले. सरांच्या शिस्तीबद्दल बोलले, प्रेमाबद्दल बोलले, आमच्यासारख्या कोयत्यावरच्या पोरांना त्यांनी कसं घडवलं ते बोलले. खाली उतरले तर दोघी-तिघी बाया डोळे पुसत जवळ आल्या. एकीनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "बाई, तुमी तरी हुता सरांच्या मागं." मी तो हात सोडवून घेतला नाही.