हिरव्या पाण्याची बाटली

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंगरी म्हणत, आणि नाव चपखल बसलं होतं. घरी आला तरी बूड टेकायचा नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या नारिंगी माशांच्या जोडीने अंडी घातल्यावर तर विचारूच नका. पिल्लांना कोरडं खाणं चालत नाही. त्यांना डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत किडे लागतात, आणि त्या किड्यांना शेवाळाचं हिरवं पाणी. खिडकीत दोन्हींच्या बाटल्या बुडबुडत असायच्या. भिंगरी येता-जाता त्या ढवळायचा, भिंगातून बघायचा, पुन्हा ढवळायचा.

तिथेच घात झाला. किड्यांच्या बाटलीतली नळी त्याने तशीच हिरव्या पाण्यात बुडवली आणि कामासाठी परगावी गेला. नळीला चिकटलेल्या किड्यांनी तिथे हैदोस घातला. तो परतला तेव्हा हिरवं पाणी नितळ झालेलं, खाणं संपून दोन्हीकडचे किडे मेलेले, आणि नेमकी त्याच सकाळी पिल्लं बाहेर पडलेली.

"आज काही मिळालं नाही तर गेली सगळी," तो येरझाऱ्या घालत म्हणाला.

"भाऊजींकडे आहेत किडे," बायको म्हणाली. "मीच दिली होती बाटली. तुम्हाला न सांगता."

तो उखडलाच. थोरल्या भावाने एकदा बाटलीभर किडे मागितले होते, तेव्हा याने "ज्याचं त्याने बघावं" म्हणून हात झटकले होते. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

"कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्या दारात?"

"आहे त्याच. पिल्लं काही तोंड बघून जेवत नाहीत."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं पुटपुटत तो गेला. दादाने दार उघडलं आणि काही न विचारता त्याला आत घेतलं. खिडकीत बाटल्या ओळीने उभ्या होत्या, हिरव्यागार. कोपऱ्यातली टाकी मात्र कोरडी ठणठणीत.

"मासे कुठायत?"

"गेले रे. वर्ष होईल."

"मग हे सगळं कुणासाठी?"

"तुझी जोडी आज ना उद्या अंडी घालणार, असं तुझी बायको म्हणाली होती. आणि तुझा हात मला लहानपणापासून ठाऊक आहे."

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाढव कोण, ते त्याला आता नीट कळलं होतं.

दादाने एक किड्यांची आणि एक हिरव्या पाण्याची अशा दोन बाटल्या पिशवीत घातल्या. "पळ. उपाशी असतील."

तो हलेना. "तूही चल ना दादा. मी पुन्हा काहीतरी करून ठेवीन."

दादा चपला शोधू लागला.